खोकणारी बकरी बाजारात जाते, आजार गावोगाव फिरतो

जळगाव/धुळे : बकरी दोन महिन्यांपासून खोकते आहे. चारा खाते, पण अंगी लागत नाही. पाठीचा कणा वर आला, केस राठ झाले, दूध आटलं. जंताचं औषध पाजून झालं, ताकदीची पावडर देऊन झाली, दोन इंजेक्शनंही झाली. फरक नाही. मग मालक काय करतो? येत्या बाजाराच्या दिवशी तिला गाडीत टाकतो. "जराशी खोकस, बाकी काई नई," असं म्हणत हजार-दोन हजार कमी घेतो आणि मोकळा होतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हे कोणत्याही आठवडे बाजारात बघायला मिळेल. घेणाऱ्यालाही बकरी स्वस्त मिळाली याचा आनंद असतो. तो तिला घरी नेऊन बाकीच्या बकऱ्यांत बांधतो. ती खाटकाकडे गेली तर गोष्ट तिथेच संपते. पण पाळायला गेली, तर एका गोठ्यातला आजार दुसऱ्या गावात पोहोचतो.

ही बकरी नुसती जंताने खंगलेली असू शकते. पण तिला क्षय, म्हणजे टीबीही असू शकतो. बाजारात उभं राहून दोन्हीतला फरक कोणालाच सांगता येत नाही. पीपीआरबद्दल आपण बोलतो, लाळ-खुरकतबद्दल बोलतो, लम्पीने तर झोप उडवली होती. शेळ्या-मेंढ्यांच्या क्षयाबद्दल मात्र चावडीवर कोणी बोलत नाही. हा आजार का लपून राहतो आणि तो बाहेर काढायचा तर काय करावं लागेल, ते बघू.

आजार आहे तरी काय

माणसाला होणाऱ्या टीबीचे जंतू आणि जनावरांच्या टीबीचे जंतू एकाच कुळातले आहेत. माणसात जो मुख्य आहे त्याला मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस म्हणतात. गाई-म्हशींतला बोव्हिस. शेळ्यांत बोव्हिस तर होतोच, पण कॅप्री नावाचा आणखी एक भाऊबंद आहे. तो १९९९ मध्ये स्पेनमधल्या शेळ्यांवरून वेगळा ओळखला गेला. भारत आणि आजूबाजूच्या देशांत ओरिजिस नावाचा जंतूही गाई आणि हरणांत सापडला आहे.

मेंढीपेक्षा बकरीला हा आजार लवकर धरतो. मुख्य रस्ता श्वासाचा. बंद गोठ्यात एक बकरी खोकली की शेजारची तोच श्वास घेते. दुसरा रस्ता दुधाचा. आजार कासेपर्यंत गेला असेल तर करडाला आईच्या दुधातूनच जंतू मिळतो. एकाच टाकीत पाणी, एकाच गव्हाणीत चारा, हेही कारण आहेच.

आजार हळू वाढतो. महिनोन्महिने वरून काही दिसत नाही. बकरी चरते, विते, दूध देते, आणि त्याच काळात जंतूही पसरवते. फुफ्फुसात आणि गाठींत पिवळसर, दह्याच्या चोथ्यासारख्या पुवाने भरलेल्या गाठी होतात. पुढे खोकला, धाप, अंग उतरणं. जेव्हा आपल्याला दिसतं, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आता कोणी घाबरून जाऊ नका. खोकणारी प्रत्येक बकरी टीबीची नसते. बहुतेकदा कारण दुसरंच असतं. पोटातले जंत असले की बकरी खंगते, डोळ्याची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी भरतं. फुफ्फुसात जंत असले की खोकते. पीपीआरमध्ये ताप, नाक-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड आणि हगवण एकदम येते, आठवड्याभरात गोठा आडवा होतो. मानेवर किंवा खांद्यापुढे पुवाची गाठ येऊन फुटते, तो बहुतेक वेळा गाठींचा वेगळा आजार असतो. डॉक्टर त्याला सीएलए म्हणतात.

आणखी एक आजार ध्यानात ठेवा, जोन्स. याचा जंतू क्षयाच्या जंतूचा लांबचा नातेवाईक. तो फुफ्फुसात न बसता आतड्यात बसतो. करडू लहानपणी आईच्या दुधातून किंवा लेंड्या लागलेल्या चाऱ्यातून जंतू घेतं, पण आजार दिसतो दोन वर्षांनंतर, बहुतेक एक-दोन वेत झाल्यावर. बकरी खात राहते आणि तरी हाडांचा सापळा होते. गाई-म्हशींना पाण्यासारखी हगवण लागते, बकरीला ती प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. म्हणून आपण 'जंत झाले' म्हणत औषध पाजत राहतो. मथुरेजवळ मखदूम इथे केंद्र सरकारची शेळी संशोधन संस्था आहे. जोन्सवर आपल्याच देशातल्या जंतूपासून लस तयार करण्याचं काम तिथे झालं आहे. क्षयावर मात्र बकरीला टोचायला आपल्याकडे सरकारी मोहिमेत कोणतीही लस नाही.

सापडत का नाही

पीपीआर एका आठवड्यात दिसतो. क्षय शोधावा लागतो, आणि शोधायची पद्धत किचकट आहे.

जिवंत जनावरात मुख्य चाचणी कातडीची. मानेवरचे केस काढायचे, कातडीची जाडी मोजायची, ट्युबरक्युलिन नावाचं द्रव्य कातडीत टोचायचं आणि ७२ तासांनी परत येऊन त्याच जागेची जाडी मोजायची. सूज ठरावीक मापापेक्षा जास्त आली तर जनावर बाधित. नीट करायची तर दोन ठिकाणी दोन प्रकारचं द्रव्य टोचतात, कारण जोन्ससारख्या नातेवाईक जंतूमुळेही सूज येऊ शकते.

म्हणजे डॉक्टरला एका गोठ्यासाठी दोनदा यावं लागतं, तेही बरोबर तीन दिवसांच्या अंतराने. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात किंवा चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर एका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे किती गावं असतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्यातून मेंढपाळाचा वाडा तीन दिवसांनी त्याच शेतात असेल का, हा प्रश्न वेगळाच.

दुसरं कारण कार्यक्रमाचं. लाळ-खुरकत आणि ब्रुसेला या दोन आजारांसाठी केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू केला. पीपीआरची लसही सरकारी दवाखान्यामार्फत टोचली जाते. जनावरांच्या क्षयासाठी असा देशपातळीवरचा तपासणी कार्यक्रम नाही. कार्यक्रम नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून आकडा नाही. मग आकडाच नाही म्हटल्यावर आजारही नाही, असं सगळे धरून चालतात.

गाईंबाबत थोडी कल्पना आहे. देशभरातल्या जुन्या-नव्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये एक अंदाज छापून आला. त्यात शंभरात सात गाईंना क्षयाची लागण आणि देशात अशी दोन कोटींवर जनावरं, असं गणित निघालं. आपल्याकडे बकऱ्या कुठे बांधतात? त्याच गोठ्यात, गाईच्या दावणीशेजारी. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर आणि मेंढ्या २५ लाखांच्या वर मोजल्या गेल्या. एवढं धन गाई-म्हशींच्या श्वासात श्वास घेतं.

नवापूर आणि चिनावलने काय शिकवलं

जनावरांच्या आजाराची देशभर गाजलेली दोन प्रकरणं आपल्याच भागातली आहेत. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला. नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता, त्यामुळे नवापूर आपल्याला परकं नाही. तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं, पण सरकारने भरपाई दिली आणि आजार आटोक्यात आला.

दुसरं लम्पीचं. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातली पहिली नोंद झाली ती ४ ऑगस्टला, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतं. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली, मोफत लसीकरण झालं. आणि गंमत बघा, गाई-बैलांना टोचलेली ती लस मुळात शेळ्यांच्या देवीवरची होती. जनावर मेलं तर दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार अशी मदत राज्य सरकारने जाहीर केली.

या दोन्ही वेळी यंत्रणा हलली, याची कारणं दोन. एक, आजार डोळ्याला दिसत होता. कोंबड्या पटापट मरत होत्या, गाईच्या अंगावर गाठी उठत होत्या. दोन, मालकाने खबर दिली तर त्याच्या हातात काहीतरी पडणार होतं. त्यामुळे लोक लपवत बसले नाहीत, फोन करत होते.

शेळीच्या क्षयात या दोन्ही गोष्टी नाहीत. आजार फुफ्फुसाच्या आत आहे, आणि खबर देणाऱ्याच्या पदरी नुकसानच. समजा एखाद्या शेतमजूर बाईकडे चार बकऱ्या आहेत. एकीला क्षय आहे असं डॉक्टरने सांगितलं, तर उपचार नाही, विकू नका, दूध विकू नका, मारून खोल पुरा, एवढंच तिला ऐकायला मिळणार. चांगली दुभती बकरी आज दहा हजारांच्या खाली मिळत नाही. चार बकऱ्या हीच तिची बँक. पोरीची फी, नवऱ्याचं दवाखान्याचं बिल, पेरणीची बी-बियाणी, सगळं त्या बँकेतून निघतं. ती डॉक्टरला बोलावील की बाजाराची वाट धरील? उत्तर तुम्हीच द्या.

अमेरिकेने १९१७ मध्ये गाईंच्या क्षयाविरुद्ध मोहीम सुरू केली. प्रत्येक गोठ्यात कातडीची चाचणी, बाधित जनावर मारायचं आणि मालकाला भरपाई द्यायची, असा सरळ व्यवहार होता. काही दशकांत तिथल्या गोठ्यांतून क्षय जवळजवळ गेला. ब्रिटनमध्ये २००८ च्या सुमारास शेळ्यांच्या काही कळपांत क्षय निघाला. माग काढला तर धागा सापडला तो कळपाकळपांतल्या खरेदी-विक्रीचा. म्हणजे बाजारातून आजार फिरतो हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. फरक एवढाच की तिथे माग काढला गेला.

आपल्याकडे गाई-बैलांचा प्रश्न अवघड आहे. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, त्यामुळे बाधित गाय कळपातून काढायची तर तिला मरेपर्यंत वेगळं सांभाळावं लागतं. बकरीबाबत कायद्याची ती अडचण नाही. म्हणून काम सुरू करायचं तर बकरीपासून करणं सोपं आहे.

पहिली खबर खाटकाला असते

आता खरी गंमत सांगतो. जिवंत बकरीत क्षय शोधायला दोन फेऱ्या आणि तीन दिवस लागतात. पण बकरी कापली की आजार दोन मिनिटांत दिसतो. फुफ्फुसावर गाठी, छातीच्या आतल्या गाठी सुजलेल्या, चिरलं की दह्यासारखा किंवा चुन्यासारखा कडक पू. वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या खाटकाची नजर या बाबतीत तयार असते. 'हे फुफ्फुस चांगलं नाही' हे त्याला बघताक्षणी कळतं.

मग तो काय करतो? खराब भाग कापून बाजूला टाकतो. तो भाग कुत्री ओढून नेतात. बाकीचं मटण काट्यावर चढतं. ती बकरी कोणत्या गावातून आली, कोणत्या गोठ्यातून आली, तिच्यासोबत आणखी किती बकऱ्या आहेत, हे विचारायला कोणी नाही. जिल्ह्यात जिथे हा आजार उघड्या डोळ्यांना दिसतो, नेमकी तिथेच नोंदीची वही नाही.

अन्न सुरक्षेच्या नियमांत कापण्याआधी आणि कापल्यानंतर जनावर तपासायला सांगितलेलं आहे. शहरातल्या कत्तलखान्यात त्याची काहीतरी व्यवस्था असते. पण गावातल्या रविवारच्या दुकानामागे, लिंबाच्या झाडाखाली कोण तपासणार?

इथे एक नवी सोय उपयोगी पडू शकते. कानात बारा अंकी नंबरचा पिवळा बिल्ला नसेल तर जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायची नाही, असा राज्य सरकारचा आदेश १ जून २०२४ पासून आहे. आपल्याकडे लोक या बिल्ल्याला कटकट समजतात. पण विचार करा, खाटकाला खराब फुफ्फुस दिसलं, त्याने बिल्ल्याचा नंबर आणि फोटो जवळच्या दवाखान्याला पाठवला, तर डॉक्टर थेट त्या गोठ्यात पोहोचू शकतो. दोन फेऱ्या मारायच्याच तर जिथे संशय आहे तिथे मारता येतील. सगळा तालुका तपासण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. अट एवढीच, की खाटकावर आणि मालकावर गुन्हेगार असल्यासारखी नजर ठेवायची नाही. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून बिल्लाच कापून फेकला जाईल.

माणसाचं काय? दुधाचं ऐका

घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण ऐकून ठेवा. जनावरांचा क्षय माणसाला होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साठी जो अंदाज दिला, त्यात जगभर एका वर्षात सुमारे १ लाख ४७ हजार लोकांना जनावरांकडून क्षय झाला आणि साडेबारा हजार माणसं मेली. माणसाकडून माणसाला होणाऱ्या टीबीच्या मानाने हे प्रमाण लहान आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या ९४० नमुन्यांची तपासणी २०२० मध्ये छापून आली. त्यात बोव्हिस जंतू एकाही रुग्णात निघाला नाही, ओरिजिस मात्र सात जणांत निघाला. शंभरात एकापेक्षाही कमी. पण त्या सातांतला एखादा आपल्या घरातला असला तर आपल्यासाठी तो शंभर टक्केच.

जंतू जनावरातून माणसात येण्याचा मोठा रस्ता कच्च्या दुधाचा. आणि बकरीचं दूध कच्चं प्यायची आपल्याकडे भारी हौस. पावसाळा संपता संपता डेंग्यूची साथ येते, मग 'प्लेटलेट वाढतात' म्हणून बकरीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते. ज्याच्या दारात बकरी असते त्याच्याकडे पहाटेपासून लोक ग्लास घेऊन उभे. दूध धारोष्ण, कच्चंच प्यायचं, उकळलं तर गुण जातो, असा समज. ज्या माणसाची ताकद आधीच तापाने गेली आहे, त्याच्या पोटात आपण न तपासलेल्या बकरीचं कच्चं दूध ओततो. त्यातून क्षयच नाही, ब्रुसेलाही होऊ शकतो. ब्रुसेला म्हणजे येऊन-जाऊन ताप, सांधेदुखी आणि महिनोन्महिने अंथरूण. डेंग्यूच्या पेशंटला पाणी, विश्रांती आणि डॉक्टरची देखरेख लागते. बकरीचं दूध द्यायचंच असेल तर उकळून द्या. एक चांगली उकळी आली की क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू मरतात. पोषण जात नाही.

कच्च्या दुधातून आलेला क्षय बऱ्याचदा फुफ्फुसात न होता मानेच्या गाठींत, पोटात किंवा हाडात होतो. मानेच्या गाठींना आपली जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. लहान पोराच्या मानेला गाठ आली, महिना झाला तरी उतरत नाही, तर लेप लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा आणि डॉक्टरला सांगा, "आमच्याकडे बकऱ्या आहेत, पोरगं कच्चं दूध पितं." हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण टीबीच्या नेहमीच्या औषधांतलं पायराझिनामाइड हे औषध बोव्हिस जंतूवर चालत नाही. डॉक्टरला आधी कळलं तर तो तपासणी त्या दृष्टीने करतो. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली आहे.

मटणाची भीती धरायचं कारण नाही. नीट शिजलेल्या मटणात जंतू जगत नाही. काळजी घ्यायची ती कापणाऱ्याने. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, खराब फुफ्फुस उघडं टाकू नका, चुना टाकून खोल पुरा.

उलटा रस्ताही आहे. माणसाचा टीबी बकरीला झाल्याची उदाहरणं आहेत. घरात कोणाला टीबी असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे त्याने गोठ्यात झोपू नये, चाऱ्यात थुंकू नये, दूध काढण्याचं काम दुसऱ्याला द्यावं. आणि कृपा करून माणसाच्या टीबीच्या गोळ्या बकरीला चारू नका. जनावरावर हा उपचार करत नाहीत. बकरी बरी होत नाही, औषध दुधात उतरतं आणि जंतू औषधाला पचवायला शिकतो.

मेंढपाळाच्या नावाने बोटं मोडू नका

आजार म्हटला की गावात पहिलं बोट फिरत्या वाड्याकडे जातं. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी आणि धनगर बांधव मेंढ्या घेऊन मैलोन्‌मैल फिरतात, आपल्या शेतात मेंढ्या बसवतात, आपल्याला खत मिळतं. क्षयाच्या बाबतीत उघड्यावर बसणारी मेंढी उलट जास्त सुरक्षित आहे. मोकळी हवा आणि कडक ऊन, यांत हा जंतू टिकत नाही. तो टिकतो अंधारात, ओलीत, शेणा-मुतात. म्हणजे पत्र्याच्या बंद शेडमध्ये वीस बकऱ्या कोंबून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी आपलं शेड बघावं.

फिरत्या वाड्याची खरी अडचण निराळी आहे. लसीकरणाची गाडी गावात येते तेव्हा वाडा दुसऱ्या तालुक्यात असतो. त्यांच्यासाठी फिरण्याच्या वाटेवर, ठरलेल्या मुक्कामांवर तपासणी ठेवली तरच ती पोहोचेल.

आपल्या हातात काय आहे

सरकार काय करील ते करील. पण उद्या सकाळपासून गोठ्यात करता येण्यासारखं हे आहे :

१. बाजारातून आणलेली बकरी थेट कळपात सोडू नका. महिनाभर वेगळी बांधा. तिचं पाणी, चारा, टोपलं वेगळं. खोकते का, हगते का, वजन भरते का, बघा.

२. घेताना कानातला बिल्ला बघा, नंबरचा फोटो काढा. विकणाऱ्याचं नाव-गाव लिहून ठेवा. फसवणूक झाली तर बोलायला पुरावा राहतो.

३. जंताचं औषध दिलं, तरी महिन्याभरात फरक नाही, खोकला आहे, वजन उतरतंच आहे, अशी बकरी आधी वेगळी करा. मग १९६२ वर फोन करा किंवा तालुक्याच्या दवाखान्यात सांगा. जोन्ससाठी लेंड्यांची आणि रक्ताची तपासणी होते, क्षयासाठी कातडीची. नमुने जिल्हा पशुसर्वचिकित्सालयातून पुण्याच्या औंधला रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

४. अशी बकरी घरीच मेली तर डॉक्टरला शवविच्छेदन करायला सांगा. एका मेलेल्या बकरीने दिलेल्या माहितीवर बाकीच्या दहा वाचू शकतात.

५. शेडला दोन्ही बाजूंनी हवा आणि दिवसातून थोडं तरी ऊन मिळू द्या. लेंड्या साचू देऊ नका. गाई आणि बकऱ्या यांच्या दावणी वेगळ्या ठेवा.

६. संशय असलेल्या बकरीचं दूध करडाला पाजू नका. घरात आणि विकायला, दूध नेहमी उकळूनच.

७. १० शेळ्या १ बोकड अशा सरकारी योजनेतून गट घेताना आरोग्याचा दाखला मागा. तो तुमचा हक्क आहे.

मागायचं काय

ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, पाण्याची टाकी मागतो. पशुसंवर्धनाचा विषय निघाला की फक्त योजनेची यादी मागतो. या वेळी तीन गोष्टी मागून बघा.

पहिली, मोठ्या आठवडे बाजारांत पशुवैद्यकाची हजेरी आणि आजारी जनावर बाजूला ठेवायची जागा. वरखेडी, सावदा यांसारख्या गुरांच्या बाजारांतून सुरुवात करता येईल. बाजार समिती प्रत्येक व्यवहारावर फी घेते, त्यातला थोडा भाग यावर खर्च करायला हरकत नसावी.

दुसरी, सरकारी कळपांची नियमित तपासणी आणि तिचा निकाल फलकावर. चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पैदाशीचे बोकड आणि नर मेंढे जिथून गावात येतात, तिथलं आरोग्य स्वच्छ असल्याचं लोकांना दिसलं पाहिजे. जिल्ह्यात तपासणीचं काम शिकायलाही यापेक्षा चांगली जागा नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, भरपाई. चाचणीत बाधित ठरलेली बकरी मालकाने स्वतःहून कळपातून काढली, तर त्याला तिच्या किमतीचा ठरावीक हिस्सा मिळाला पाहिजे. लम्पीत ते झालं, नवापूरला ते झालं. बकरीची किंमत गाईपेक्षा कमी आहे, म्हणजे सरकारवर पडणारा बोजाही कमी आहे.

हे झालं नाही तोवर तपासणी मोफत केली तरी लोक बोलावणार नाहीत. गरिबाच्या बकरीला रोग आहे हे कळणं म्हणजे त्याला आज दंड बसल्यासारखं आहे, आणि दंड भरायला आपण होऊन कोणी जात नाही. बाजाराच्या दिवशी खोकणारी बकरी गाडीत चढते ती त्या दंडाच्या भीतीने. ती भीती काढली, तर बकरी गाडीत चढण्याआधी फोन दवाखान्यात लागेल.